खरजेचं मलम, उवांचं औषध: पर्मेथ्रिनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा दिवस औषधाच्या दुकानात जातो. थंडी पडली की रोज एखादा माणूस येतो, दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाजूला उभा राहतो आणि मग हळूच म्हणतो, "खाजेचं काहीतरी द्या." उवांचं औषध मागणं त्याहून अवघड. आया मुलीला पायरीवरच थांबवतात आणि चिठ्ठी पुढे सरकवतात. लाजेपायी मग विचारायचं ते विचारलं जात नाही. पंधरा दिवसांनी तोच माणूस परत येतो, "तुमच्या मलमाने काही गुण आला नाही." चार गोष्टी विचारल्या की बहुतेकदा कळतं, मलम ठीक होतं, लावण्यात चुकलं होतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

पर्मेथ्रिन म्हणजे काय? हे कीटकनाशक आहे असं ऐकलं, मग ते अंगाला कसं लावायचं?

कीटकनाशकच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल आहे. त्याच्या वाळलेल्या फुलांची पूड किडे मारायला जुन्या काळापासून वापरतात. पण त्यातलं औषधी द्रव्य उन्हात टिकत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीचं पण टिकाऊ रसायन १९७३ साली बनवलं, ते हे पर्मेथ्रिन. तुमच्या घरात रात्री जे डासांचं लिक्विड प्लगमध्ये जळतं त्यातलं औषध याचंच भावंड आहे. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांनाही याच कुळातली रसायनं लावतात.

किड्याच्या नसांमध्ये सोडियम आत सोडणारी दारं असतात. पर्मेथ्रिन ती दारं उघडीच ठेवतं. नस सारखी झटके देत राहते, किडा लुळा पडतो आणि मरतो. आपल्या नसांनाही अशीच दारं आहेत, पण कातडीवर लावलेल्या औषधातलं दोन टक्क्यांहून कमी शरीरात शिरतं. जे शिरतं ते शरीर पटकन मोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून ते अंगाला लावता येतं. पोटात घ्यायचं औषध मात्र नाही.

१ टक्का आणि ५ टक्के, यात फरक काय?

१ टक्का डोक्यातल्या उवांसाठी, दहा मिनिटांत धुऊन टाकायचं. ५ टक्के खरजेसाठी, रात्रभर अंगावर ठेवायचं. नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून आकडा वाचून घ्या. १ टक्क्याचं अंगाला चोपडून खरूज जात नाही. उवांना ५ टक्के लावलं तर लवकर मरतील, असंही काही नाही.

ही खरूजच आहे हे कसं ओळखायचं?

रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते, ही पहिली खूण. दुसरी खूण जागेची: बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवती, कमरेला, बायकांना स्तनाग्रांभोवती, पुरुषांना जननेंद्रियावर. नीट उजेडात बेचकी ताणून बघितली तर कधीकधी टोक न केलेल्या पेन्सिलीने ओढावी तशी अर्धा सेंटिमीटरची वेडीवाकडी रेघ दिसते. ते खरजेच्या किड्याच्या मादीचं बीळ. ती कोळी-गोचिडांच्या जातीची, आठ पायांची, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. रोज दोन-तीन अंडी घालत ती महिना-दीड महिना त्या बिळात राहते.

गंमत म्हणजे साध्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधरा माद्याच असतात. एवढी खाज त्या चावल्याने सुटत नाही. त्यांच्या विष्ठेची, अंड्यांची आपल्या शरीराला ॲलर्जी येते, त्याने खाज सुटते. हे लक्षात ठेवा, पुढे दोन उत्तरांत ते कामाला येईल.

घरात दोघा-तिघांना एकदम खाज असेल तर संशय पक्का धरा. नायटा गोल असतो, कडेने लाल असतो, आणि त्याचं औषध वेगळं. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. माझ्यासारख्याने काउंटरवरून बघून सांगणं हे काही निदान नव्हे.

मलम नेमकं कसं लावायचं?

स्वयंपाक, जेवणं, भांडी सगळं उरकल्यावर. ही वेळ मुद्दाम सांगतो. एका बाईंनी संध्याकाळी पाच वाजता मलम लावलं, मग कणीक मळली, भांडी घासली, पोरांना हातपाय धुवायला लावलं. खरूज होती बेचक्यांत, आणि बेचक्यांतलंच मलम मोरीत गेलं.

आधी नखं काढा. करदोटा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी, हातातले गंडेदोरे जेवढे काढता येतील तेवढे काढा. जे काढणार नसाल त्याच्या खाली बोट घालून मलम लावा. कमरेला खरूज परत परत होते तेव्हा मी पहिल्यांदा करदोट्याबद्दलच विचारतो. अंघोळ केली असेल तर अंग पूर्ण कोरडं आणि थंड होऊ द्या.

मग मानेपासून खाली तळपायापर्यंत, सगळीकडे. जिथे खाजतं तिथेच नाही, सगळीकडे. बेचक्या, बेंबी, जांघा, नितंबांमधली फट, टाचा, पायाच्या बोटांच्या सांदी, नखांखाली. नखांखाली जुना टूथब्रश वापरा आणि नंतर तो फेकून द्या. पाठ नेहमी राहते, ती दुसऱ्याकडून लावून घ्या. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना डोकं, कपाळ, कानामागेही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅमची एक ट्यूब साधारण पुरते. एका ट्यूबमध्ये अख्खं घर भागवणं हा आपला जुना उद्योग आहे, आणि तो सोडावा लागेल.

आठ ते चौदा तास ठेवून अंघोळ करा. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. त्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी हेच सगळं परत. पहिल्या वेळी अंड्यांतून वाचलेले दुसऱ्या वेळी मरतात. दुसरी वेळ बहुतेक लोक गाळतात, कारण तोवर बरं वाटायला लागलेलं असतं.

घरात बाकी कुणालाच खाज नाही. त्यांनी का लावायचं?

माझं सगळ्यात जास्त बोलणं या प्रश्नावर खर्च होतं.

पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण ॲलर्जी तयार व्हायला तेवढा वेळ जातो. म्हणजे महिनाभर माणूस ठणठणीत दिसतो आणि शेजारी झोपणाऱ्याला खरूज देत असतो. आधी कधी होऊन गेली असेल तर मात्र एक-चार दिवसांतच खाज सुरू होते, कारण शरीराला ओळख असते.

आता घर डोळ्यांसमोर आणा. वसतिगृहातून सुट्टीला आलेला मुलगा खाजवतोय. त्याला मलम लावलं, तो बरा झाला. तोवर तो आजीजवळ झोपला होता आणि धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन मोबाइल बघत बसला होता. दोघींना अजून काहीच नाही. मुलगा पुन्हा आजीच्या गोधडीत शिरतो आणि पंधरवड्यात खाज परत. मग मलम बदललं जातं, डॉक्टर बदलतात, "रक्तात बिघाड आहे" म्हणून कडू काढे सुरू होतात.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो. पाहुणा राहायला असेल तर त्यानेही. नवराबायको वेगळ्या गावी राहत असतील तर फोन करून त्याच रात्री. ट्यूबचा खर्च वाढतो, मान्य आहे. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा, पण निम्म्या घराला लावून पैसे वाया घालवू नका.

लावून दहा दिवस झाले, खाज थांबत नाही. औषध खोटं आहे का?

बहुधा नाही. किडे मेले तरी त्यांची घाण कातडीत तशीच असते आणि कातडी नवी होईपर्यंत ॲलर्जी चालू राहते. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. या काळात रोज रोज मलम चोपडणारे लोक असतात. त्याने कातडी कोरडी पडते, जळजळते, आणि ती जळजळ म्हणजे खरूजच असं समजून ते आणखी चोपडतात. त्याऐवजी कॅलामाइन, साधं खोबरेल तेल, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी घ्या. जांघेत, अंडकोशावर तपकिरी गाठी राहिल्या तर त्या महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात.

चार आठवड्यांनंतरही नवे फोड, नव्या रेघा दिसत असतील तर मात्र परत दाखवा. युरोपात काही ठिकाणी पर्मेथ्रिनला न जुमानणाऱ्या खरजेबद्दल त्वचारोगतज्ज्ञ अलीकडे बोलू लागले आहेत. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी करदोटा, आजी आणि दुसरी वेळ तपासायची.

पर्मेथ्रिनचा साबण वापरला तर चालेल?

मलमाच्या जागी नाही. साबण दोन मिनिटांत पाण्याबरोबर जातो, आणि औषधाला आठ तास अंगावर राहायचंय.

उवांसाठी कसं वापरायचं?

तेल लावलेल्या केसांवर नको. आपल्याकडे मुलीच्या डोक्याला रविवारी चपचपीत तेल लावून त्यावरच उवांचं औषध ओतलं जातं, मग ते केसाला धरत नाही. आधी साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका. टॉवेलने टिपून केस ओलसर असताना १ टक्क्याचं औषध मुळांना लावा, कानामागे आणि मानेवर नीट. दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवा, मग मान पुढे करून मोरीत किंवा बेसिनवर धुवा, म्हणजे सगळ्या अंगावरून ओघळत नाही. डोळ्यांवर टॉवेलची घडी धरायला लावा. पुढचे एक-दोन दिवस केस धुऊ नका. औषध केसांवर रेंगाळतं आणि तेच आपल्याला हवं असतं.

लिखा सगळ्या मरत नाहीत. सात-दहा दिवसांत त्या फुटतात, म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावायचं.

आणि फणी. बारीक दातांची, धातूची असली तर उत्तम. आजीच्या पिढीचं हे हत्यार औषध आलं म्हणून बाजूला पडलं, ते चुकलं. पांढऱ्या कपड्यावर मुलीला वाकवून एकेक बट मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी फणी पुसा. दोन-तीन दिवसांआड, दोन-तीन आठवडे. मुळापासून बोटभर लांब चिकटलेली पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असतं, तिला घाबरून तिसऱ्यांदा औषध लावू नका.

औषधानंतर आठ-बारा तासांनी उवा लडबडत हळू चालत असतील तर औषध लागू पडतंय, फणीने काढा. आधीसारख्याच तुरुतुरु पळत असतील तर तेच औषध पुन्हा लावू नका. पर्मेथ्रिनला सरावलेल्या उवा जगात बऱ्याच देशांत सापडल्यात. डॉक्टरांकडून दुसरं औषध घ्या.

दुष्परिणाम काय होतात?

लावल्यावर थोडी जळजळ, मुंग्या, लाली, कधी खाज वाढल्यासारखी वाटणं. ओरबाडलेल्या कातडीवर जास्त झोंबतं. बहुतेकदा काही तासांत उतरतं. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा. चेहरा सुजला, धाप लागली, अंगभर पित्त उठलं तर ॲलर्जी आहे, औषध धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. शेवंतीच्या फुलांची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगावं. या औषधात फूल नसतं, तरी वेष्टनावर हा इशारा असतो. मुलाने ट्यूब तोंडात पिळली तर उलटी काढायला जाऊ नका, ट्यूब बरोबर घेऊन दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८.

फोडांत पू झाला असेल, म्हणजे ज्याला आपण ओली खरूज म्हणतो, तर आधी डॉक्टर. त्यातल्या जंतूंमुळे कधीकधी मूत्रपिंडाला सूज येते. खरजेच्या मुलाचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर तो दिवस मलमाचा नाही, त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, तान्ह्या बाळाला?

दोन महिन्यांच्या वरच्या बाळाला खरजेसाठी हे देतात. त्याहून लहान बाळाला गंधकाचं मलम, तेही डॉक्टरांनी ठरवून. बाळाच्या हातांना लावलं की मोजे घाला, नाहीतर सगळं तोंडात जातं. गरोदरपणात खरजेसाठी डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिनच निवडतात, पण विचारून. पाजणाऱ्या आईने स्तनांवरचं मलम पाजण्याआधी पुसून, धुऊन काढावं आणि नंतर पुन्हा लावावं.

पूर्वी "गॅमा" नावाचं औषध मिळायचं, ते स्वस्त होतं. ते का नको?

ते लिंडेन. जुन्या लोकांना गॅमेक्झिन पावडर आठवत असेल, तिच्यातलं मारक द्रव्य हेच. टुनिस व्हान डेर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञावरून त्याचं नाव पडलं. ते कातडीतून बरंच आत शिरतं, चरबीत साठतं आणि मेंदूवर परिणाम करतं. जास्त वेळ ठेवलं, वारंवार लावलं, लहान मुलाला किंवा ओरबाडलेल्या अंगाला लावलं तर झटके येऊ शकतात. मृत्यूही झालेत. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये माणसांसाठीचं लिंडेन बंद केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्याला जगातून हटवायच्या रसायनांत घातलं, उवा-खरजेच्या औषधाला तेवढी पाच वर्षांची सवलत दिली. भारतात शेतीसाठी त्याचं उत्पादन २०११ पासून आणि वापर २०१३ पासून बंद आहे. कपाटात जुनी बाटली असेल, लेबलवर लिंडेन किंवा गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड असं लिहिलं असेल, तर ती कुणाच्याही अंगाला लावू नका. फिट येणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही.

रॉकेल, शेतातली पावडर, सीताफळाच्या बिया?

रॉकेलने डोकं भाजतं, आणि चुलीजवळ बसलेल्या मुलीच्या केसांना आग लागू शकते. फवारणीची औषधं, ढेकणांचं औषध डोक्याला लावणं म्हणजे विष लावणं. पीक आणि पोरगी यांचं माप एक नाही. "तेही कीटकनाशक, हेही कीटकनाशक" हा युक्तिवाद मी ऐकलाय. उत्तर एवढंच की अंगाला लावायच्या औषधाचं प्रमाण, त्यातला द्रव आणि शुद्धता माणसासाठी ठरवलेली असते.

सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे खरं आहे. पण ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. रात्रभर डोकं बांधून झोपवलेली मुलगी सकाळी डोळे उघडू शकत नाही, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. नेत्रतज्ज्ञांना विचारा, त्यांना हे चांगलं माहीत असतं.

गोळी घेतली तर मलमाची कटकट वाचेल का?

आयव्हरमेक्टिनची गोळी आहे, वजनाप्रमाणे देतात आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. आश्रमशाळा, वसतिगृहासारख्या ठिकाणी जिथे शंभर पोरांच्या पाठी मलमाने भरणं अशक्य, तिथे ती फार उपयोगी. गरोदर बायकांना आणि १५ किलोहून कमी वजनाच्या मुलांना सहसा देत नाहीत. चिठ्ठीशिवाय मागू नका. सरकारी दवाखान्यात मिळणारं पांढरं, झोंबणारं बेंझिल बेंझोएट हेही जुनं आणि चालणारं औषध आहे, मुलांना मात्र ते पातळ करून लावतात.

एका ट्यूबमध्ये बुरशीचं, जंतूंचं आणि स्टिरॉइडचं औषध एकत्र असलेली मलमं मात्र खरजेवर नकोत. स्टिरॉइडने खाज दबते आणि किडे मजेत वाढतात. महिन्याने खरूज अशी रूप बदलून येते की डॉक्टरही पहिल्या नजरेत ओळखत नाहीत.

घरात मांजर आहे. काही काळजी?

आहे, आणि ती बरीच. मांजराच्या शरीराला पर्मेथ्रिन मोडता येत नाही. थरथर, झटके येऊन मांजर मरू शकतं. मलम लावलेल्या रात्री मांजराला अंथरुणात घेऊ नका, कुत्र्याचं पिसवांचं औषध त्याला लावू नका. माशांनाही हे घातक आहे. उरलेली ट्यूब विहिरीत, ओढ्यात टाकू नका आणि हात फिशटँकमध्ये घालू नका.

गोधड्या, कपडे, गाद्यांचं काय?

मलम धुतलेल्या सकाळी, मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात भिजवून धुवा, कडक उन्हात वाळवा, जमेल त्यावर इस्त्री फिरवा. अंगापासून दूर खरजेचा किडा दोन-तीन दिवसच जगतो, ऊ एक-दोन दिवस. धुता न येणारी जाड गोधडी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आठवडाभर ठेवा, पुरे. घरभर फवारणी करू नका.

शाळेत कधी पाठवायचं? बाईंना सांगायचं का?

रात्री मलम लावून सकाळी अंघोळ झाली की दुसऱ्या दिवशी शाळेत जायला हरकत नाही. उवांचंही तसंच. ऊ उडी मारत नाही, बहुतेकदा डोक्याला डोकं लागलं तरच चालत जाते.

आणि हो, सांगा. बाईंना बाजूला घेऊन सांगा. त्यांना कळलं तर त्या बाकावरच्या इतर पोरींच्या घरीही निरोप देतील आणि सगळ्यांची डोकी एकाच रविवारी धुतली जातील. मुलीच्या वेण्या तेवढ्या दिवस घट्ट बांधून पाठवा.